दोघांपुरती भीती

आमच्या आत्याला गल्लीत 'मेन स्विच' म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. वाईट वाटून घ्यायला लागते तेवढी फुरसत तिला कधी मिळालीच नाही, कारण ती सदोदित घाबरलेली असायची. कुकर गॅसवर चढवला की ही शिट्टीआधीच स्वयंपाकघराबाहेर, आणि शिट्टी व्हायला उशीर झाला तर थेट अंगणात. जिना उतरायची तो दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी. फोन वाजला की उचलायच्या आधीच तिच्या तोंडून निघायचं, "कुणाला काय झालं?" घरातलं कुणी यायला जरा उशीर झाला की तिच्या डोक्यात त्याचा अपघात होऊन, दवाखाना होऊन, चार लोक भेटायलाही येऊन गेलेले असत. मग तो माणूस धडधाकट दारात उभा राहिला की त्याचीच खरडपट्टी.

बाबा तिचे धाकटे भाऊ. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना वाढवलं ते आत्यानंच, ती स्वतः अजून शाळेत होती तरी. बाबा ज्यावर म्हणून चढता येईल त्यावर चढायचे. भिंत, झाड, पाण्याची टाकी, शेजाऱ्यांचं छप्पर. आणि ती खाली फ्रॉकची झोळी पसरून उभी राहायची. "खरंच पडलो असतो ना, तर दोघांचीही हाडं गोळा करावी लागली असती," असं बाबा हसत सांगायचे. मोठेपणी त्यांनी नोकरीही अशी पकडली की हिच्या झोळीला कधी सुट्टी मिळू नये. ते वीज कंपनीत लाइनमन झाले.

आत्या शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, रेनकोटची अस्तरं. आतोबा गेल्यावर ती आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या खोलीत राहायला आली. खोलीत एक पलंग, कपड्यांच्या थानांनी भरलेली मांडणी, आणि खिडकीला टेकून शिलाई मशीन. मशीनवर बसलं की सगळी गल्ली दिसायची, गल्लीच्या तोंडाशी असलेला ट्रान्सफॉर्मरही दिसायचा. बाबा येता-जाता चिडवायचे, "ताई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

"मग तो माझ्याच पाठी राहू दे," ती म्हणायची. "तुझ्या पाठी नको लागायला."

मला मात्र तिचा राग यायचा, हे खोटं कशाला बोलू? मी तेव्हा कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होते. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी ती रोज फोन करून विचारायची, "पोचलीस का?" मी तिला खिडकीतून दिसत असायचे, तरीसुद्धा. गिऱ्हाइकासमोर फोनवर "हो आत्या, पोचले, मेले नाही" असं म्हणायचा मला इतका सराव झाला होता की मालक हसायचेही थांबले होते.

मग गल्लीत सोलर आलं. आधी एका घरावर, मग त्याचं बिल बघून दुसऱ्यावर, मग ज्यांना गरज नव्हती त्यांनीही बसवलं. शेजाऱ्याचं पॅनेल आपल्या गच्चीवरून रोज बघणं कुणाला सहन होतं? बघता बघता सगळी छपरं काचेसारखी चमकायला लागली. दुपारी घरांत माणसं नसायची, तेव्हा ही वीज तारांवरून बाहेर पडायची आणि गल्लीतल्याच बेकरीची भट्टी तिच्यावर तापायची. बाबांना त्याचं कौतुकही होतं आणि डोकेदुखीही. "पूर्वी वीज नळासारखी होती," ते म्हणायचे. "एकाच बाजूनं यायची. तोटी बंद केली की पाणी बंद. आता घराघरात विहीर झालीय, आणि ज्याच्या त्याच्या मोटरचं बटण ज्याच्या त्याच्या हातात."

नुसत्या पॅनेलचं यंत्र समजूतदार असतं. बाहेरची लाइट गेली की तेही गप्प बसतं. पण आमच्याकडे हळूहळू सगळ्यांनीच लाइट गेली तरी पंखा फिरावा म्हणून बॅटऱ्या घेतल्या होत्या आणि त्या एका फिटरकडून स्वस्तात बसवून घेतल्या होत्या. तिथं सगळा कारभार हातानं. मीटरशेजारी एक मोठी लाल दांडी असायची. लाइट गेली की आधी ती दांडी खाली ओढायची, म्हणजे घर बाहेरच्या तारेपासून तुटायचं. मग बॅटरी सुरू करायची. दांडी वरच राहिली तर बॅटरीची वीज तुमच्या पंख्यात यायची तशीच बाहेर खांबावरही जायची. तुम्हाला काही कळायचं नाही. पंखा तर छान फिरत असायचा.

हे आम्हाला कळलं ते जेवताना. बाबांनी पाण्याचा ग्लास भरता भरता सांगितलं, की पलीकडच्या भागात त्यांच्या एका सोबत्याला झटका बसला. ट्रान्सफॉर्मर बंद होता, फ्यूज काढून खिशात ठेवलेले होते, तरी बसला. कुणाच्या तरी घरातून वीज उलटी आली होती. माणूस वाचला, पण उजवा हात कामातून गेला. एवढं सांगून बाबांनी भाजी वाढून घेतली. आत्याचा घास हातातच राहिला. तिनं बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि ती उठली. त्या दिवसापासून आत्याच्या सगळ्या किरकोळ भीत्या एका जागी गोळा झाल्या. कुकर शिट्ट्या मारू लागला तरी तिचं लक्ष नसायचं. तिला आता फक्त लाल दांडीचं भय होतं.

लाइट गेली की मशीन सोडून ही निघायची. दार वाजवायची, आत जायची, दांडी खाली असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मगच पुढच्या घरी. कुणी आंघोळीत, कुणी झोपेत, कुणाचं भांडण चाललेलं. लोक वैतागले. 'कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस' म्हणून हसलेही. पण बाबा खांबावर चढायचे ते ती सगळी घरं फिरून येईपर्यंत थांबून, त्यामुळे लाइट यायला उशीर व्हायचा आणि शिव्या मात्र तिला पडायच्या. शेवटी मासेकाकांनी तोडगा काढला. हे काका आमच्या समोरच्या रांगेत राहायचे, एकटेच. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर माशांच्या टाक्या होत्या आणि जगात त्यांना माणसांपेक्षा मासे बरे वाटायचे, कारण मासे दार वाजवत नाहीत.

"ताई, दर वेळी घरात येऊन बघण्यापेक्षा काहीतरी खूण ठरवा ना," ते म्हणाले. "दांडी खाली केली की आम्ही बाहेर एखादं फडकं लावू. तुम्ही खिडकीतून बघा. तुमचे गुडघेही वाचतील आणि आमची झोपही."

आत्याला ते पटलं. तिच्याकडे रेनकोटच्या अस्तराचं पिवळंधमक कापड उरलं होतं. तिनं प्रत्येक घरासाठी एक चौकोन कापला, कडा दुमडून शिवल्या, वर बांधायला नाडी लावली आणि घरोघर वाटला. नियम सोपा होता. दांडी खाली, की फडकं बाहेर. लाइट आली की आधी फडकं आत, मग दांडी वर. गंमत म्हणजे लोकांना ते आवडलं. लाइट गेली की फाटकांवर, गॅलऱ्यांवर पिवळी फडकी फडफडायला लागायची आणि जिचं फडकं उशिरा लागे तिला शेजारीण हाक मारून टोमणा मारायची. आत्या खाली रस्त्यावर उभी राहून दोन्ही बाजू नजरेखालून घालायची. बाबा शिडीवरून विचारायचे, "ताई?" ती मान हलवायची. ते चढायचे. त्या मान हलवण्यावरूनच तिला 'मेन स्विच' हे नाव पडलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत ती जरा बरी दिसायला लागली होती. एकदा तर मला दुकानात फोन करायचीही विसरली.

त्या दुपारी वारा सुटला होता. धुळीचा, कोरडा, उनाड वारा. कुठल्याशा दुकानाची पत्र्याची पाटी उडाली आणि आमच्या गल्लीतल्या मधल्या खांबावरच्या तारेवर आदळली. ठिणग्या उडाल्या, फटाक्यासारखा आवाज झाला आणि तार तुटून एक टोक रस्त्यावर लोंबकळायला लागलं. दुकानातले दिवे गेले. अंधारात चष्म्याचे नंबर कोण तपासणार, म्हणून मालकांनी मला सोडलं. मी गल्लीत आले तेव्हा आत्यानं आपल्या खोलीतलं स्टूल आणि दोन खुर्च्या रस्त्यात आडव्या टाकून वाट बंद केली होती आणि ती त्या तारेकडे पाहत उभी होती. फडकी एकेक करून बाहेर येत होती.

बाबा कंपनीच्या गाडीतून आले. बरोबर त्यांचा जोडीदार होता. आडनाव काय ते मला आजही माहीत नाही, सगळे त्याला लंबूच म्हणत. वाऱ्यानं गावभर तारा तोडल्या होत्या, फोनवर फोन येत होते आणि दोघंही घाईत होते. लंबूनं ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज काढून आणले. बाबांनी शिडी लावली, पट्टा बांधला, पट्ट्याला दोर अडकवला. दोराचं दुसरं टोक खाली लंबूच्या हातात. वर काही हवं असलं की दोरानं पाठवायचं, काही सांगायचं असलं की दोर ओढायचा. वर माणूस असताना खालून हाक मारायची नाही, असा त्यांच्यात रिवाजच आहे. दचकलेला माणूस आधार शोधतो आणि हाताला लागेल ते धरतो. खांबावर हाताला तारच लागते.

"ताई?" बाबांनी शिडीवरून विचारलं.

आत्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे पिवळं. तिनं मान हलवली.

बाबा चढले. मी आत्याशेजारी उभी होते. वाऱ्यानं मासेकाकांच्या गॅलरीतलं फडकं, जे एरवी आत्याच्या खिडकीतून झाडाआड जायचं, उलटं फिरवलं आणि पुन्हा सुलटं केलं. आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"हे विटलंय," ती म्हणाली.

"काय?"

"फडकं. बाहेरच्या अंगानं विटलंय, आतून अजून पिवळं आहे. मी सगळ्यांना एकाच थानातलं दिलं होतं. बाकीची बघ, कशी करकरीत आहेत."

"असेल गं. धुतलं असेल."

"धुतलेलं दोन्हीकडून विटतं. हे उन्हात राहिलंय. खूप दिवस."

मला वाटलं, झालं सुरू. मी म्हटलं, "आत्या, तू बस बघू जरा." तोवर ती चालायला लागली होती. मासेकाकांच्या फाटकातून आत गेली, व्हरांड्याच्या जाळीला तिनं नाक लावलं. मी तिच्या मागोमाग गेले ते तिला ओढून आणायला. आत भिंतीवर मीटर होतं, मीटरशेजारी लाल दांडी.

"वर आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तो तिचा वाटलाच नाही.

मीही पाहिलं. दांडी वर होती. पुढच्या खोलीत टाक्यांचे दिवे जळत होते, पाण्यात बुडबुडे निघत होते आणि काका आतल्या कोचावर कानातलं यंत्र काढून शांत झोपले होते. मी दाराला धक्का दिला. कडी आतून होती. मी मागे वळून खांबाकडे पाहिलं. बाबांनी हातमोजे काढून पट्ट्यात खोचले होते, कारण बारीक तार पिळायला बोटं मोकळी लागतात. ते पट्ट्याच्या आधारानं मागे रेलले होते. डाव्या हातात पक्कड होती आणि उजवा हात तारेच्या तुटक्या टोकाकडे निघाला होता.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. आत्याच्या हातानं माझं तोंड बंद केलं. आयुष्यभर झुरळ दिसलं तरी गल्ली डोक्यावर घेणारी बाई, हाक मारायची नाही हे त्या क्षणी तिला आठवलं, आणि मला नाही. मग ती पळाली. तिला पळताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. एक चप्पल फाटकात राहिली, ओढणी जाळीत अडकून टरकली. लंबू दोर सैल धरून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. तिनं त्याच्या हातातून दोर हिसकावला आणि त्याला लोंबकळली. नुसतं ओढलं नाही. दोन्ही पाय उचलून सगळं वजन त्या दोरावर टाकलं.

बाबा मागे हिसकले गेले. पट्टा खांबावर खाडकन ताणला, पक्कड सुटून रस्त्यावर आपटली. बाबांनी लंबूच्या नावानं जे शब्द काढले ते मी इथं लिहीत नाही. मग त्यांनी खाली पाहिलं आणि दोराला कोण लटकलंय ते त्यांना दिसलं.

"ताई! मारशील का मला?"

तिची दातखीळ बसली होती. ती दोर सोडायलाही तयार नव्हती. बोलले ती मी. खालूनच, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, "बाबा, तारेला हात लावू नका. मासेकाकांची दांडी वर आहे."

बाबा उतरले. ते चिडलेलेच होते. "फडकं तर आहे की," म्हणत होते. त्यांनी लंबूला गाडीतून टेस्टरची काठी आणायला सांगितलं. ती पटकन सापडेना. तारांची भेंडोळी, पोती, रिकामे डबे बाजूला करून लंबूनं ती तळातून काढली, फुंकर मारून धूळ उडवली, दोन पायऱ्या चढून काठीचं टोक तारेला टेकवलं. काठी किंचाळली. बारीक, एकसुरी, कानात घुसणारा आवाज. लंबूनं काठी मागे घेतली, आवाज थांबला. पुन्हा टेकवली, पुन्हा किंचाळली. गॅलऱ्यांमध्ये लोक उभे होते. बाबांनी आपल्या उघड्या पंजाकडे पाहिलं आणि तो खिशात घातला.

कुणीतरी दारावर धोंडा हाणल्यावर मासेकाका जागे झाले. बनियनवर बाहेर आले, कानात यंत्र घातलं, समोर अर्धी गल्ली बघून गोंधळले. बाबांनी आत जाऊन दांडी ओढली. बाहेर काठी गप्प झाली.

"मी काय केलं?" काका विचारत होते. "पंप बंद पडला की मासे मरतात हो. आणि मला झोपेत ऐकू येत नाही, लाइट गेलेली कळत नाही. म्हणून फिटरला सांगून बॅटरी आपोआप चालू होईल असं करून घेतलं. दांडीचं... दांडीचं राहून जायचं. आणि फडकं कायमच लावून ठेवलं, म्हणजे ताईंना उगीच काळजी नको." आपली बाजू मांडावी तसं ते म्हणाले, "आणि सुरुवातीला तर दर वेळी बॅटरी लगेच बंद पडायची. फिटर म्हणायचा, जुनी आहे. आता कुठं नीट चालायला लागली होती."

बाबा खाली व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ते सावकाश बोलले, स्वतःलाच समजावल्यासारखे. "पूर्वी सगळ्यांच्या दांड्या वर असायच्या. यांची बॅटरी अख्ख्या गल्लीला वीज पुरवायला जायची. तिला ते ओझं पेलायचं नाही, ती बंद पडायची. आता बाकी सगळे दांड्या खाली करतात. वीज ओढणारं कुणीच नाही. तार तेवढी राहते. तेवढी तार ही आरामात जिवंत ठेवते."

म्हणजे गल्लीनं शिस्त पाळली म्हणूनच ती तार जिवंत राहिली होती. आत्याच्या फडक्यांनी बाकी सगळ्या वाटा बुजवल्या होत्या आणि मरणाला एकच वाट साफ करून ठेवली होती. मला हे समजायला वेळ लागला. आत्याला नाही लागला. तिचा चेहरा बघवत नव्हता.

दोर अजून तिच्या मुठीत होता. तो तसाच ओढत ती बाबांसमोर येऊन उभी राहिली. "तू आधी काठी का नाही लावलीस?" तिला आता कुठं वाचा फुटली होती. "ती साखळी असते ना तुमची, तारेला लावून वीज जमिनीत उतरवायची, ती का नाही लावलीस?"

"ताई, घाई होती..."

"आज घाई होती. काठीवर धूळ आज बसली?"

बाबा पट्ट्याचं बक्कल चाचपू लागले. लंबूनं मान फिरवली.

"कधीपासून लावत नाहीस?"

"इतर ठिकाणी साखळी तरी लावतो," बाबा म्हणाले. "इथं तीही नाही. फडकी लागायला लागल्यापासून नाही." मग ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तू घाबरतेस ना दोघांपुरतं. तू मान हलवलीस की मला कशाला पाहिजे काठी?"

आत्यानं सगळ्या गल्लीदेखत माझ्या बापाच्या थोबाडीत मारली. पिकल्या केसांच्या, मिशीवाल्या, गल्ली ज्याला 'साहेब' म्हणते त्या माणसाच्या. आणि मग ती तिथंच मातीत बसून हमसाहमशी रडायला लागली. बाबा गालाला हात लावून तिच्याशेजारी उकिडवे बसले. ते एकच म्हणत होते, "झालं नाही ना काही, ताई. झालं नाही ना." ती मान हलवत होती. कशाला हो म्हणत होती आणि कशाला नाही, देव जाणे.

त्याच संध्याकाळी ती घरोघर गेली आणि सगळी फडकी गोळा करून घेऊन आली. लोकांनी विनवण्या केल्या. मासेकाकांनी तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की आता दांडीच आपोआप पडेल असं यंत्र बसवतो, कंपनीच्या माणसाला दाखवून बसवतो. त्यांनी ते खरोखर बसवलंही. बाबांनी समजावलं, "ताई, पद्धत चांगली होती. चुकलो मी. फडकी राहू देत." आत्यानं कात्री घेतली आणि मशीनवर बसून सगळ्या फडक्यांच्या चिंध्या केल्या. मी तिच्या पलंगावर बसून बघत होते. मला तिचा राग येत नव्हता. मला तिची भीती वाटत होती, आणि बाबांसाठीही वाटत होती, आणि खिडकीबाहेरच्या त्या साध्या, काळ्या, रोज बघितलेल्या तारेचीही. इतकी वर्षं हे सगळं ती एकटी पेलत होती, आणि आम्ही हसत होतो.

"दांड्या सगळ्यांनी खालीच करायच्या," ती म्हणाली. "मी ओरडून ओरडून करायला लावीन. पण मान हलवणार नाही. ह्यापुढं कुणासाठी नाही."

पुढं बरेच दिवस लाइट गेली नाही. मग एका सकाळी फांदी पडून तीच तार पुन्हा तुटली. लोकांनी न सांगता दांड्या ओढल्या आणि बाहेर येऊन उभे राहिले. आत्याही आली, आमच्या फाटकाला धरून उभी राहिली. बाबांनी शिडी लावली, पट्टा बांधला आणि सवयीनं मागे वळले.

"ताई?"

"मला नको विचारू. मला काही माहीत नाही."

बाबा शिडीपासून मागे फिरले. त्यांनी गाडीतून काठी आणली. तारेला टेकवली. काठी गप्प राहिली. त्यांनी ती परत टेकवली, दुसऱ्या टोकालाही टेकवली, मग काठीचंच बटण दाबून ती वाजते ना ते पाहिलं. मग साखळी आणली. तुटक्या जागेच्या एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूलाही लावली. ते हातमोजे चढवत असताना मी त्यांच्याकडे पाहिलं. उजव्या हाताची बोटं मोज्यात शिरेनात. हात थरथर कापत होता. माझे बाबा, पाण्याच्या टाकीवर चढून आत्याला वाकुल्या दाखवणारे माझे बाबा, शिडीच्या पहिल्या पायरीशी घाम पुसत उभे होते आणि त्यांचा पाय उचलत नव्हता.

आत्यानं फाटक सोडलं. ती त्यांच्याजवळ गेली, त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्याचं कापणं नीट बघून घेतलं.

"हं," ती म्हणाली. "आता चढ."